टपालाच्या थैलीतून आलेलं दुकान

रिचर्ड सिअर्स हा मूळचा दुकानदार नव्हे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात नॉर्थ रेडवूड नावाच्या आडगावी तो रेल्वेचा स्टेशन एजंट होता. तिकिटं फाडायची, तारा घ्यायच्या-पाठवायच्या, मालाच्या पावत्या करायच्या आणि उरल्या वेळात थोडं लाकूड, थोडा कोळसा विकून चार पैसे जोडायचे. १८८६ साली शिकागोच्या एका कंपनीनं तिथल्या जवाहिऱ्याच्या नावे खिशातल्या घड्याळांची पेटी पाठवली. जवाहिऱ्यानं ती घेतली नाही. कुणी मागवलेला नसताना माल धाडायचा आणि आलाच आहे तर ठेवून घ्या म्हणायचं, ही तेव्हाच्या घाऊक व्यापाऱ्यांची खोड होती.

आमच्या टपालखात्यात अशा पार्सलावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून ते परत पाठवतात. सिअर्सनं शेरा मारला नाही. त्यानं कंपनीशी बोलणी करून तो माल स्वतः उचलला. घड्याळ १२ डॉलरला पडलं आणि त्यानं ते त्याच लोहमार्गावरच्या इतर स्टेशन एजंटांना १४ डॉलरला देऊ केलं, असं सांगतात. एजंटानं पुढं जे काय जास्त मिळवायचं ते मिळवावं.

यात दोन गोष्टी त्यानं अचूक हेरल्या होत्या. तीनच वर्षांपूर्वी, १८ नोव्हेंबर १८८३ ला, अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी गावोगावची सूर्याची वेळ मोडून प्रमाणवेळ सुरू केली होती. ज्याला गाडी पकडायची किंवा गाडीत माल चढवायचा त्याला घड्याळ लागणारच. आणि दुसरी, स्टेशन एजंट हा हमी भरून नोकरीला लागलेला माणूस. त्याला माल उधारीवर पाठवला तर तो पळून जात नाही. न पाहिलेल्या माणसाला माल पाठवायचा तर आधी त्याच्यामागे कोण उभं आहे ते पाहावं लागतं. पुढच्या शंभर वर्षांचा धंदा या एका हिशोबावर उभा राहिला.

मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त सब-पोस्टमास्तर. लेक आणि जावई शिकागोच्या बाहेर शॉम्बर्गला असतात आणि उन्हाळ्यात मी तिकडे जातो. सिअर्स कंपनीचं अखेरचं मुख्यालय शेजारच्याच हॉफमन इस्टेट्समध्ये होतं, त्यामुळे तिथल्या वाचनालयात या कंपनीवरच्या पुस्तकांना तोटा नाही. ती बहुतेक धंद्यातल्या लोकांनी लिहिलेली. नफा, शेअर, सरव्यवस्थापक यांच्या भाषेत. मला मात्र पानोपानी टपालच दिसत राहिलं. खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाची ती खोड म्हणा हवं तर.

घड्याळांचा धंदा घेऊन सिअर्स आधी मिनीआपोलिसला आणि १८८७ साली शिकागोला आला. आलेली घड्याळं बिघडायची, म्हणून त्यानं घड्याळजी हवा अशी जाहिरात दिली. इंडियानातून आल्व्हा रोबक नावाचा तरुण आला. १८९३ मध्ये दोघांच्या नावानं ‘सिअर्स, रोबक अँड कंपनी’ झाली. रोबक सावध माणूस. भागीदाराच्या उड्या पाहून त्याला झोप लागेना. १८९५ मध्ये त्यानं आपला हिस्सा २५,००० डॉलरला सोडला. नाव मात्र पाटीवर राहिलं. मंदीत हात पोळल्यावर १९३३ मध्ये तो त्याच कंपनीत परत आला. कंपनीचा इतिहास जुळवायचं काम त्याला दिलं होतं, आणि पुढं दुकानांच्या उद्घाटनांना त्याला मिरवलं जाई. पाटीवरचा माणूस जिवंत आहे हे पाहून लोकांना भारी नवल वाटायचं.

सिअर्सच्या आधी माँटगोमेरी वॉर्ड होता. १८७२ मध्ये त्यानं शिकागोतून एका कागदावर छापलेली किंमतयादी शेतकऱ्यांना पाठवून टपालविक्रीचा पाया घातला. त्याचं गिऱ्हाईक तेच, माल तोच, शहरही तेच. म्हणजे सिअर्सनं काही नवं शोधलं नाही. त्याच्याकडे होती ती भाषा. कॅटलॉगचा मजकूर तो स्वतः लिहायचा आणि त्याला थापा मारायला संकोच नव्हता. ९५ सेंटला सोफा आणि दोन खुर्च्या अशी जाहिरात त्यानं एकदा केली. पैसे भरणाऱ्यांना घरी मिळालं ते बाहुलीचं फर्निचर. जाहिरातीत बारीक टायपात तसं लिहिलेलंही होतं. अशक्तपणा जातो असं सांगून तो विजेचा पट्टाही विकायचा. पण याच माणसानं माल आधी पाहा, पटला तर पैसे द्या, अशी सोय दिली. आपल्याकडच्या व्ही.पी.पेक्षाही ही पुढची पायरी. व्ही.पी.त पैसे मोजल्याशिवाय पुडकं फोडता येत नाही, आणि आत पुस्तकाऐवजी रद्दी निघाली की शिव्या पोस्टमन खातो.

१८९५ च्या कॅटलॉगला ५३२ पानं होती. १८९७ च्या कॅटलॉगचं पुनर्मुद्रण मला वाचनालयात मिळालं. नांगर, खोगीर, शिवणयंत्र, बंदुका, घोडागाड्या, पियानो, कॉर्सेट, चहा, औषधं. घरबसल्या डोळे तपासून चष्मा मागवायची सोयसुद्धा. त्या काळच्या कॅटलॉगांत जर्मन आणि स्वीडिश भाषांतही सूचना असत, कारण त्या प्रदेशातला शेतकरी तिकडून आलेला. चुका होतील म्हणून घाबरू नका, तुमच्या पद्धतीनं लिहा, आम्ही समजून घेऊ, असा त्या सूचनांचा सूर. मी ते वाचताना थांबलो. पत्ता नीट लिहिला नाही म्हणून अडाणी माणसावर खेकसणारे कारकून मी पाहिले आहेत. कधी मीही खेकसलो असेन.

वॉर्डच्या कॅटलॉगपेक्षा सिअर्सचा आकारानं थोडा लहान छापत, म्हणजे घरातली बाई दोन्ही रचून ठेवताना लहान वर ठेवील, अशी एक कथा सांगतात. खरी असो-नसो, सिअर्सच्या स्वभावाला शोभते.

१८९५ मध्ये ज्युलियस रोझेनवाल्ड आणि त्याचा मेहुणा ॲरन नुसबाम यांनी मिळून ७५,००० डॉलरला अर्धी कंपनी घेतली. रोझेनवाल्ड जर्मन ज्यू घरातला, तयार कपडे शिवून विकणारा. सिअर्स त्याचंच गिऱ्हाईक. सिअर्स एका दिवसात इतके सूट मागवी की रोझेनवाल्डला ते शिवून होत नसत, आणि सिअर्सकडे ते अजून आलेलेच नसताना विकले गेलेले असत. रोझेनवाल्डनं कंपनीत शिस्त आणली. भोंदू औषधं हळूहळू काढली, जाहिरातीत लिहिलं तोच माल जाईल हे पाहिलं. १९०८ मध्ये दोघांचं पटेनासं झालं आणि सिअर्स बाहेर पडला. १९१४ मध्ये, पन्नास वर्षांचा असताना, तो वारला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १८९६ पर्यंत अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या घरी टपाल येत नव्हतं. शहरात पोस्टमन दारात. शेतावरच्या माणसानं मात्र घोडा जुंपून गावात जायचं आणि पत्र आहे का विचारायचं. त्या साली पश्चिम व्हर्जिनियात खेड्यात घरपोच टपालाचा प्रयोग सुरू झाला. त्याचा पाठपुरावा करणारा जॉन वानामेकर हा त्याआधी पोस्टमास्तर जनरल होता. तो स्वतः फिलाडेल्फियातल्या नामांकित डिपार्टमेंट स्टोअरचा मालक. दुकानदाराच्या हाती टपालखातं दिल्याचा हा परिणाम, असं कुणी म्हणेल. १९०२ पर्यंत ही सेवा कायमची झाली. शेताच्या वाटेवर पत्र्याच्या पेट्या उभ्या राहिल्या आणि त्यात कॅटलॉग पडू लागला.

दक्षिणेकडच्या कापसाच्या मुलखात याचा अर्थ निराळा होता. तिथं गावचं पोस्ट पुष्कळदा किराणा दुकानाच्याच कोपऱ्यात असे आणि दुकानदारच पोस्टमास्तर. पिकावर उधार देणाराही तोच. काळ्या कुळानं दुकानात जायचं, सगळ्या गोऱ्यांचं होईपर्यंत थांबायचं, आणि दुकानदार देईल त्या प्रतीचं पीठ तो लावील त्या भावात, त्याच्याच वहीवर घ्यायचं. अशा माणसानं त्याच दुकानात जाऊन सिअर्सच्या नावे मनीऑर्डर कशी करावी? कॅटलॉगात त्याला उत्तर होतं. पोस्टात यायची गरज नाही. पत्र आणि पैसे फिरत्या टपालवाल्याच्या हाती द्या, मनीऑर्डर करून पत्रात घालायचं काम तो करील. एवढंच. राजकारणाचा शब्द नाही. रोझेनवाल्ड किंवा सिअर्स यांनी हे समतेसाठी लिहिलं असं मी म्हणणार नाही. त्यांना ऑर्डर हवी होती. पण छापील किंमत काळ्याला आणि गोऱ्याला एकच होती, आणि पाकिटावर रंग दिसत नाही.

हे मला लगेच उमगलं, कारण आमच्याकडची ब्रँच पोस्टं मी सांभाळली आहेत. गावचा शिक्षक नाहीतर दुकानदार ब्रँच पोस्टमास्तर, ओसरीवर एक टेबल, एक लोखंडी पेटी. मुंबईच्या गिरणीतल्या पोरानं पाठवलेली मनीऑर्डर बापाच्या हातात पडण्याआधी किती रुपयांची आहे ते गावाला ठाऊक व्हायचं. पोस्टमास्तर दुकानदार असला तर काही ठिकाणी आधी उधारी वळती व्हायची आणि मग अंगठा घेतला जायचा. नियमात हे बसत नव्हतं. तक्रार मात्र कुणी करीत नसे, कारण तक्रारअर्जही त्याच टेबलावरून जायचा.

दक्षिणेतल्या दुकानदारांना धोका कळला. कॅटलॉग गोळा करून त्यांच्या होळ्या पेटवल्या गेल्या. पोरांना खाऊ-बक्षिसांचं आमिष दाखवून घरातले कॅटलॉग आणवले गेले. सिअर्स आणि रोबक हे काळे आहेत अशी आवई उठवली. कंपनीनं काय करावं? आपण गोरे आहोत हे दाखवायला फोटो छापला. काळ्यांची गिऱ्हाइकी हवी आणि काळे असल्याचा संशय नको, असा हा व्यवहार. त्याला पुण्यकर्म म्हणून रंगवणारे लेख मी वाचले. ते मला पटत नाहीत.

पुण्यकर्म म्हणायचं तर ते रोझेनवाल्डनं वेगळं केलं. काळ्या समाजातले शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याबरोबर १९१२ पासून त्यानं दक्षिणेत काळ्या मुलांसाठी शाळा बांधायला पैसे दिले. अट अशी की गावानंही आपला वाटा उचलायचा. १९३२ पर्यंत अशा पाच हजारांवर इमारती झाल्या. त्या शाळांना सिअर्सचं नाव नाही.

१ जानेवारी १९१३ ला अमेरिकी टपालखात्यानं पार्सलसेवा सुरू केली. तोवर चार पौंडांवरचं काही पाठवायचं तर खासगी एक्स्प्रेस कंपन्या, आणि त्या मागतील तो दर. पहिल्या महिन्यात ओहायोतल्या एका जोडप्यानं आपलं तान्हं मूल १५ सेंटचं तिकीट लावून मैलभरावरच्या आजीकडे पोस्टानं पाठवलं. वजन अकरा पौंडांच्या मर्यादेत बसत होतं आणि नियमात मनाई नव्हती. मी तिथला पोस्टमास्तर असतो तर घाम फुटला असता. त्या वर्षी सिअर्सकडे आधीच्या वर्षाच्या पाचपट ऑर्डरी आल्या.

एवढ्या ऑर्डरी उरकायचं यंत्र तोवर तयार होतं. शिकागोच्या पश्चिम भागात होमन अव्हेन्यूला १९०६ मध्ये चाळीस एकरांवर कंपनीनं आपलं संस्थान उभारलं. आत रेल्वेचे रूळ, स्वतःचं वीजघर, छापखाना, स्वतःचं पोस्ट. सकाळी आलेल्या थैल्या आधी तराजूवर जात; वजनावरून दिवसभरात किती ऑर्डरी येणार याचा अदमास घेतला जाई. प्रत्येक ऑर्डरीला पंधरा मिनिटांची वेळ नेमून दिलेली. त्या पंधरा मिनिटांत प्रत्येक खात्यानं आपापली वस्तू ठरल्या पेटीत पोचवायची. न पोचली तर बाकीचा माल निघून जाणार आणि मागाहून पाठवायचा खर्च त्या चुकार खात्याच्या माथी. वर्गीकरणाच्या टेबलाशी उभा राहिलेला माणूस याचं मोल जाणतो. शेवटची गाडी सुटायची वेळ ठरलेली असते, ती कुणासाठी थांबत नाही.

१९०८ पासून तर अख्खी घरं विकायला काढली. लाकूड मापात कापून, प्रत्येक तुकड्यावर आकडा घालून, खिळ्यांपासून रंगापर्यंत सगळं मालगाडीनं. गिऱ्हाइकानं स्टेशनावरून उतरवून घ्यायचं आणि पुस्तिका पाहून बांधायचं. १९४० पर्यंत सत्तर हजारांच्या आसपास अशी घरं गेली. इलिनॉयमधल्या कार्लिनव्हिल गावी स्टँडर्ड ऑइलनं खाणकामगारांसाठी मागवलेली दीडशेच्या आसपास घरं अजून ओळीनं उभी आहेत. कंपनी घरांसाठी कर्जही देई. महामंदीत ते अंगलट आलं. आपल्याच गिऱ्हाइकाचं, आपणच विकलेलं घर जप्त करायची वेळ आली.

डिपार्टमेंट स्टोअरची साखळी म्हणून जे सिअर्स लोकांना आठवतं ते याच्यानंतरचं, आणि ते रॉबर्ट वूडनं उभं केलं. पनामा कालव्यावर आणि पहिल्या महायुद्धात सैन्याच्या रसदीचं काम केलेला हा जनरल फावल्या वेळात सरकारी आकडेवारीची वार्षिकं वाचायचा. त्यात त्याला दिसलं की लोक खेडी सोडताहेत आणि मोटारी घेताहेत. हे तो आधी वॉर्ड कंपनीत सांगून थकला होता. सिअर्समध्ये आल्यावर २ फेब्रुवारी १९२५ ला होमन अव्हेन्यूच्याच इमारतीत पहिलं दुकान उघडलं. पुढची दुकानं त्यानं शहराच्या गजबजाटाबाहेर, स्वस्त जागेत, मोटारी फुकट लावता येतील अशी काढली. शहरातली जुनी बडी दुकानं बायकांच्या रेशमावर आणि चहाच्या दालनांवर चालत. सिअर्स टायर, हत्यारं, रंग आणि शीतकपाटं घेऊन पुरुषालाही आत ओढत होतं. १९२७ मध्ये क्राफ्ट्समनची हत्यारं आणि केनमोरची धुलाईयंत्रं आली. १९२९ संपताना तीनशेच्या वर दुकानं होती आणि १९३१ मध्ये दुकानांची विक्री टपालविक्रीच्या पुढे गेली. टायरच्या ऑलस्टेट नावावर त्याच वर्षी मोटारविमा सुरू झाला, तोही टपालानं.

रूळ, खेड्यातलं घरपोच टपाल, पार्सलसेवा, मोटाररस्ते. यातलं एकही सिअर्सनं बांधलं नव्हतं. दुसऱ्यांनी आणि बहुतेक वेळा सरकारनं वाट काढली, आणि ती खुली झाल्याबरोबर सिअर्स तिच्यावर सगळ्यांच्या आधी चालू लागलं. मला या कंपनीत दिसलेलं कर्तृत्व हेच, आणि मी ते लहान मानत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतरची तीस वर्षं भरभराटीची. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला सिअर्सची विक्री देशाच्या सकल उत्पन्नाच्या जवळपास १ टक्का होती. याच सुमारास आपली माणसं मोठ्या संख्येनं अमेरिकेत जाऊ लागली. शॉम्बर्गच्या मराठी मंडळात जुन्या मंडळींशी बोललं की कुणाचं पहिलं वॉशिंग मशीन केनमोरचं, कुणाचा बाळासह काढलेला फोटो सिअर्सच्या स्टुडिओतला. तो फोटो मग सांगली-मिरजेच्या भिंतीवर लागलेला. १९७३ मध्ये सिअर्स टॉवर पूर्ण झाला. ११० मजले, तेव्हा जगातला सर्वांत उंच. त्याचा सांगाडा रचणारे फजलूर रहमान खान बंगालचे, आजच्या बांगलादेशातले. त्यांनी नळ्यांची मोळी बांधावी तशी रचना करून कमी पोलादात ती उंची गाठली. मला तर इमारतीचं हे खरं श्रेय कंपनीपेक्षा त्यांचं वाटतं.

उतार कसा लागला याची कारणं सगळ्यांना पाठ आहेत: वॉलमार्ट, महागडं व्यवस्थापन, विमा, घरदलाली आणि शेअरदलाली यांत पसरलेले हात. १९९० च्या आसपास वॉलमार्टनं विक्रीत मागं टाकलं. १९९२ पासून टॉवर सोडून कंपनी हॉफमन इस्टेट्सच्या मोकळ्या रानात गेली. जानेवारी १९९३ मध्ये मोठा कॅटलॉग बंद करण्याची घोषणा झाली. ११३ दुकानं आणि ५०,००० नोकऱ्या त्याबरोबर गेल्या. पुढच्याच वर्षी ॲमेझॉन कंपनी निघाली, म्हणून सिअर्सला आंधळं ठरवायची चाल आहे. मला ते इतकं सरळ वाटत नाही. कॅटलॉग वर्षाला अब्जावधी डॉलरची विक्री करून तोट्यात होता. त्याची गोदामं, यंत्रणा सगळी जुनाट झालेली. पण मग हेही खरं की संगणकावरून घरबसल्या खरेदी करायची प्रॉडिजी ही सेवा याच सिअर्सनं आयबीएमबरोबर काढली होती, आणि डिस्कव्हर हे स्वतःचं क्रेडिट कार्डही १९८५ पासून होतं. माल, गोदाम, पत, पत्ते आणि तारेवरचं दुकान, सगळं एका घरात होतं. त्यांची गाठ घालणारा कुणी स्टेशन एजंट उरला नव्हता.

२००५ मध्ये एडी लॅम्पर्ट या गुंतवणूकदारानं केमार्ट ही दुसरी दुकानसाखळी आणि सिअर्स एकत्र केलं. त्यानंतर दुकानापेक्षा दुकानाखालची जमीन जास्त मोलाची ठरली, आणि २०१५ मध्ये शेकडो जागा वेगळ्या कंपनीला विकल्या गेल्या. १५ ऑक्टोबर २०१८ ला दिवाळखोरीचा अर्ज झाला. इलिनॉयमधलं शेवटचं सिअर्स नोव्हेंबर २०२१ मध्ये बंद झालं, ते लेकीच्या घराजवळच्या वूडफील्ड मॉलमधलं. हॉफमन इस्टेट्सचं मुख्यालय एका डेटा सेंटर उभारणाऱ्या कंपनीनं घेतलं आणि पाडायला काढलं.

क्राफ्ट्समन मात्र २०१७ मध्येच स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरला विकलं होतं. त्याच्या हातहत्यारांना जन्मभराची हमी असे. पाना तुटला तर पावती न मागता नवा देत. जावयाच्या गॅरेजात त्यातलेच दोन पाने आहेत. एकाचा जबडा झिजला आहे. बदलून घ्यायचा तर आता लोज नावाच्या दुकानात जावं लागतं, आणि तिथं तो बदलून देतात.